ख्रिस्ती आणि समलिंगी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. गोव्यात हेच प्रमाण जवळपास चौथा हिस्सा आहे. वसईतली वाडी असो, वांद्र्याचं गावठाण असो की बार्देशातला एखादा गाव, घरं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. अशा ठिकाणी एखादा मुलगा समलिंगी असेल, तर त्याला मन मोकळं करायला जागाच उरत नाही. चर्चमध्ये त्याला पापी ठरवतात. चर्चबाहेर 'हे तुमचे पाश्चात्त्य चाळे' म्हणून हिणवतात. समलिंगी मित्रांमध्ये गेला, तर तिथे 'तू अजून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातोस?' हा प्रश्न त्याची वाट बघत असतो.

त्याच्याविषयी ठामपणे सांगितलं जाणारं बरंच काही बायबलमध्ये नाही, चर्चच्या अधिकृत शिकवणीत नाही आणि विज्ञानातही नाही. त्यातली शिकवण कोणती आणि पूर्वग्रह कोणता, हे वेगळं करून पाहायलाच हवं.

गैरसमज 1 : समलिंगी असणं हेच पाप आहे.

वस्तुस्थिती : कॅथॉलिक चर्च असं शिकवत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅटेकिझम हा चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ. त्यातले 2357 ते 2359 हे तीन परिच्छेद या विषयावर आहेत. समलिंगी शरीरसंबंधांना चर्चची मान्यता नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. पण आकर्षण आणि कृती यांत चर्च फरक करतं. नुसतं आकर्षण असणं हे पाप मानत नाही. समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायकारक भेदभावाची पुसटशी खूणही दिसू नये, असा आदेश 2358 व्या परिच्छेदात आहे.

या शिकवणीची धार समलिंगी माणसाला लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. धर्मगुरू ब्रह्मचर्य स्वतः निवडतात, त्याच्यावर मात्र ते जन्मभरासाठी लादलं जातं. त्याचं प्रेम 'अव्यवस्थित' ठरतं. या भूमिकेवर चर्चमधलेच अनेक धर्मपंडित प्रश्न विचारत आले आहेत. परंतु चर्चच्या ज्या कॉयरमधून, म्हणजे गायनवृंदातून, एखाद्या तरुणाला केवळ कुजबुज ऐकून काढून टाकलं जातं, तिथे चर्चची शिकवण पाळली जात नाही, मोडली जाते. 2358 वा परिच्छेद प्रवचनात किती वेळा ऐकला, हे प्रत्येक भाविकाने आठवून पाहावं.

गैरसमज 2 : बायबलने हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे.

वस्तुस्थिती : अख्ख्या बायबलमध्ये या संदर्भात दाखवले जाणारे उतारे जेमतेम सहा-सात आहेत. उत्पत्तीच्या 19 व्या अध्यायातली सदोमची कथा त्यांत सर्वांत प्रसिद्ध. त्या कथेत गावचा जमाव घराला वेढा घालून पाहुण्यांवर बलात्कार करू पाहतो. ती परक्या माणसावरच्या सामूहिक हिंसेची गोष्ट आहे. सदोमचा अपराध कोणता, याचं उत्तर बायबलमध्येच यहेज्केलच्या 16 व्या अध्यायात आहे : गर्व, खाऊनपिऊन सुस्तावलेली श्रीमंती आणि गोरगरिबांकडे फिरवलेली पाठ. त्यापुढे अमंगळ कृत्यांचा मोघम उल्लेख येतो. आरोपपत्राची सुरुवात मात्र गर्वापासून आणि गरिबांच्या उपेक्षेपासून होते.

लेवीयच्या पुस्तकातल्या दोन वचनांमध्ये पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना मनाई आहे. त्याच पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात डुकराचं मांस निषिद्ध आहे आणि खवले-पर नसलेले पाण्यातले जीवही. म्हणजे डुकराच्या मांसाचं सोरपोतेल गेलं, कोळंबी गेली, तिसऱ्या आणि खेकडेही गेले. हे नियम आपल्याला लागू नाहीत हे ख्रिस्ती माणसाला ठाऊक असतं, आणि रविवारी तो हे सगळं आनंदाने जेवतो. पारंपरिक बाजूचं यावर उत्तर आहे : खाण्यापिण्याचे नियम वेगळे आणि नैतिक नियम वेगळे, शिवाय संत पौलाच्या पत्रांतही हा निषेध येतो. पौलाच्या डोळ्यांपुढे रोमन जगातले गुलाम आणि मुलांचं शोषण होतं की आजच्यासारखं दोन प्रौढांचं निष्ठेचं नातंही होतं, यावर अभ्यासकांत खराखुरा मतभेद आहे.

चारही शुभवर्तमानांत येशूने समलिंगी संबंधांबद्दल काढलेला एकही उद्गार नाही. मत्तयाच्या 19 व्या अध्यायात तो विवाहाबद्दल स्त्री-पुरुषांच्या संदर्भात बोलतो, पण तिथे त्याला विचारलेला प्रश्न सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा आहे. हा विषय अवघड आहे असं प्रामाणिकपणे म्हणता येईल. तो संपला आहे, असं म्हणता येणार नाही.

गैरसमज 3 : उपवास, प्रार्थना, समुपदेशन केलं की मुलगा 'बरा' होतो.

वस्तुस्थिती : समलिंगी असणं हा आजार नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये ते आजारांच्या यादीतून काढलं. वाईट संगत, आईचे लाड, वडिलांचा धाक ही कारणंही टिकलेली नाहीत. 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे 4 लाख 77 हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला. 'समलिंगी जनुक' असं एक काही नसतं, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि इतर घटकही असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. यात कुणाची निवडही नाही आणि कुणाचा दोषही नाही.

प्रार्थनेने लैंगिकता बदलण्याचा सर्वांत मोठा संघटित प्रयत्न 'एक्झोडस इंटरनॅशनल' या ख्रिस्ती संस्थेने केला. ती 1976 मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. संस्थापकांपैकी मायकेल बसी काही वर्षांतच बाहेर पडले आणि पुढे त्यांनी जाहीर माफी मागितली. संस्थेचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी 2012 मध्ये मान्य केलं की त्यांना भेटलेल्या जवळपास कुणाचंच आकर्षण बदललेलं नव्हतं. जून 2013 मध्ये संस्थेने दुखावलेल्यांची क्षमा मागून काम बंद केलं. हे प्रयत्न करणारी माणसं मनापासून श्रद्धावान होती, पैसा आणि मनुष्यबळही होतं. त्यांच्याच अनुभवाने दिलेलं हे उत्तर आहे.

भारतात मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशा 'उपचारां'विरुद्ध आदेश दिले. त्यानंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. असे उपचार देऊ करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. मुलासाठी प्रार्थना जरूर करावी; त्याच्यातून काहीतरी हाकलून लावण्यासाठी करू नये.

गैरसमज 4 : लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल.

वस्तुस्थिती : कॅथॉलिक लग्नाआधी देवळात वधूवरांची नावं वाचून दाखवतात. या विवाहाला कुणाला अडथळा माहीत असेल तर कळवावं, असं गावासमोर सांगितलं जातं. अशा वेळी मुलाचे आईवडील बाकावर खाली मान घालून बसतात, मित्र गप्प राहतात आणि ज्या मुलीचं आयुष्य पणाला लागलं आहे, तिला एकटीलाच काही माहीत नसतं.

चर्चचा धर्मकायदा या गप्प बसण्याच्या बाजूचा नाही. संसारात गंभीर अडथळा आणेल अशी जोडीदाराची बाब संमती मिळवण्यासाठी फसवून लपवली, तर तो विवाह मुळातच अवैध ठरतो, असं कॅनन लॉच्या 1098 व्या कलमात आहे. कॅथॉलिक चर्चमध्ये घटस्फोट नाही. त्यामुळे अशा मुलीला चर्चच्या न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं आणि आपल्या संसाराची सगळी खासगी कहाणी सांगून तो मुळात विवाहच नव्हता हे सिद्ध करावं लागतं. घराण्याची अब्रू वाचवायला लावलेलं लग्न दोन आयुष्यं मोडतं, आणि अब्रूही वाचत नाही.

गैरसमज 5 : अशा माणसापासून लहान मुलांना धोका असतो.

वस्तुस्थिती : संडे स्कूल किंवा युवक गटापासून समलिंगी माणसाला दूर ठेवताना हे कारण हमखास पुढे केलं जातं. धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर अमेरिकेच्या कॅथॉलिक बिशपांनीच न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजकडून त्यांच्या कारणांचा अभ्यास करून घेतला. 2011 च्या त्या अहवालात समलिंगी धर्मगुरू इतरांपेक्षा अधिक अत्याचार करतात, असा कोणताही आधार सापडला नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी देखरेख, तक्रारीची सोय आणि तत्काळ कारवाई लागते. निरपराध माणसाकडे बोट दाखवलं की खरा गुन्हेगार निश्चिंत होतो.

गैरसमज 6 : हे पाश्चात्त्यांकडून आलेलं खूळ आहे.

वस्तुस्थिती : पश्चिमेकडून आला तो कायदा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 वं कलम ब्रिटिशांनी 1860 च्या भारतीय दंडसंहितेत घातलं. त्याची मुळं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1533 मध्ये केलेल्या कायद्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात नाकारला.

या लढाईत काही ख्रिस्ती संघटना 377 कलम टिकावं म्हणून न्यायालयात उभ्या राहिल्या, हे खरं आहे आणि ते क्लेशदायक आहे. पण त्याआधी, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं होतं, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी जाहीर केलं की समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध असला, तरी समलिंगी व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानत नाही. 2023 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणं गुन्हा नसल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

आणि ही माणसं आपल्याच गावची असतात. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स हे गोव्यातल्या कोलवाळचे, कॅथॉलिक आणि उघडपणे समलिंगी. त्यांनी गोव्याच्या कुणबी साडीला नवं आयुष्य दिलं, 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फ्रेंच जोडीदाराशी त्यांनी 2002 मध्ये फ्रेंच कायद्यानुसार नागरी करार केला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये ते गेले, तेव्हा गावच्याच चर्चमध्ये त्यांना अखेरचा निरोप दिला गेला.

गैरसमज 7 : सगळ्या चर्चेसची भूमिका एकच आणि कायमची आहे.

वस्तुस्थिती : स्वीडनचं लुथरन चर्च 2009 पासून समलिंगी जोडप्यांचे विवाह लावतं. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने 2015 मध्ये, ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने 2021 मध्ये, तर चर्च ऑफ स्कॉटलंडने 2022 मध्ये तशी परवानगी दिली. 18 डिसेंबर 2023 रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्याला विवाहाचा भास होणार नाही अशा साध्या स्वरूपात आशीर्वाद देण्याची मुभा दिली. आफ्रिकेतल्या बहुसंख्य बिशपांनी ती लगोलग नाकारली. युगांडात 2023 च्या अत्यंत कठोर समलिंगीविरोधी कायद्याला तिथल्या अँग्लिकन चर्चने पाठिंबा दिला. त्याच अँग्लिकन परंपरेतले दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू मात्र समलिंगींच्या छळाची तुलना वर्णद्वेषाशी करत असत. आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या परिषदेनेही लैंगिक विविधतेवर संवाद सुरू केला. वाद चर्चच्या आत चालू आहे आणि तो भाविकांमधलाच आहे.

गैरसमज 8 : समलिंगी माणसाने श्रद्धा तरी सोडावी, नाहीतर स्वतःला तरी नाकारावं.

वस्तुस्थिती : ही अट ख्रिस्ती समाज घालतो, तशी कधीकधी समलिंगी चळवळही घालते. इतिहास वेगळंच सांगतो. समलिंगी चळवळीचा प्रारंभ मानला जाणारा न्यूयॉर्कचा स्टोनवॉल उठाव जून 1969 मधला. त्याच्या आधीच, ऑक्टोबर 1968 मध्ये, ट्रॉय पेरी या पास्टरने लॉस एंजेलिसजवळ आपल्या घराच्या दिवाणखान्यात 12 जणांना घेऊन उपासना केली. त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज जखमींसाठी प्रार्थना करताना गेले. मृतांच्या अधिकृत नोंदीत त्यांचा क्रमांक पहिला आहे. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जवळच्या मित्रांना सांगितलं होतं, आणि ते अखेरपर्यंत फ्रान्सिस्कन धर्मगुरू राहिले.

ज्याने श्रद्धा सोडली त्याचा निर्णय आदरानेच घ्यायला हवा. अनेकांना ती जीव वाचवण्यासाठी सोडावी लागली आहे. पण ज्याला मिस्सा हवा आहे, ख्रिस्तप्रसाद हवा आहे, नाताळच्या रात्री कॉयरमध्ये आपली जागा हवी आहे, त्याला ती मागण्याचा हक्क आहे. त्याचा स्नानसंस्कार झालेला आहे आणि तो कुणालाही पुसता येत नाही.

म्हणून धर्मगुरूंना आणि पास्टरांना विनंती : या विषयावर बोलाल तेव्हा समोरच्या बाकांवर असा एक तरी मुलगा बसलेला आहे, हे धरूनच बोला. आईवडिलांना विनंती : मुलाने सांगितलं, तर पहिल्या दिवशी फक्त ऐकून घ्या. प्रश्न नंतर विचारता येतील. समजून घ्यायचं असेल, तर बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिलं आहे आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतो आहे. आणि हे वाचणारा तू स्वतःच तो असशील, तर मन फार खचलेलं असताना एकटा राहू नकोस. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दुरुस्ती आमच्या वागण्यात व्हायला हवी, आणि तिचं ओझं तू वाहायचं नाहीस.