लेखांक ९ : शॉर्ट ट्रान्झिस्टर आणि त्याचे साथीदार

मागच्या आठवड्यात आपण फ्यूजपर्यंत आलो होतो. फ्यूजची काच आतून काळी पडली असेल, तर एकदम मोठा करंट गेला असं समजायचं. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये असं दिसलं की आधी ब्रिजचे डायोड बघायचे आणि लगेच पुढचे दोन स्विचिंग ट्रान्झिस्टर. बऱ्याचदा ते १३००७ किंवा १३००९ असतात, हीटसिंकवर स्क्रूने आवळलेले.

मीटर लावण्याआधी कपॅसिटर रिकामे करा. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि प्लग काढल्यावरही ते दोन मोठ्या कपॅसिटरांत टिकून राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने पंधरा-वीस सेकंद धरा, मग व्होल्टेज मोजून खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची आपल्या दुकानांतली सवय मला मुळीच पसंत नाही.

आता मीटर डायोड मोडवर. १३००७ हा एनपीएन आहे. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. लाल प्रोब बेसवर ठेवून काळा कलेक्टरवर आणि मग एमिटरवर टेकवा. दोन्हीकडे ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा येतो, एमिटरचा किंचित जास्त. प्रोब उलटे केले की काहीच यायला नको. कलेक्टर-एमिटरला कसेही लावले तरी तेच. तिथे दोन्ही बाजूंनी शून्य आलं, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट.

हे सगळं सुट्या ट्रान्झिस्टरचं. बोर्डावर बेस-एमिटरला ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग आणि रेझिस्टर जोडलेले असतात, कलेक्टर-एमिटरला उलटा डायोड. त्यामुळे धडधाकट ट्रान्झिस्टरही मीटरला आजारी वाटतो. शंका आली की डिसोल्डर करून बाहेर काढा. फार वेळ लागत नाही.

बाहेर काढलेला ट्रान्झिस्टर मीटरने खराब ठरवला, तर तो खराबच. चांगला ठरवला तर मात्र लगेच विश्वास टाकू नका. मीटर तपासतं दोन-तीन व्होल्टवर, ट्रान्झिस्टरला झेलायचे असतात शेकडो. दाबाखाली किंवा गरम झाल्यावर लीक होणारं जंक्शन मीटरच्या नजरेतून सहज सुटतं. म्हणून एक शॉर्ट निघाला तर मी दुसराही बदलतो, मीटर काहीही म्हणो. आणि दोन्ही बदलून थांबत नाही. बेसच्या वाटेवर १ ते १० मायक्रोफॅरडचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. ते वाळले की बेसला नीट ड्राइव्ह मिळत नाही, ट्रान्झिस्टर तापतो आणि जातो. किरकोळ किमतीचा हा कपॅसिटर तसाच ठेवला, तर नवी जोडीही जाईल. तिथले काही ओहमचे रेझिस्टर आणि डायोडही तपासून घ्या.

नवे ट्रान्झिस्टर तपकीर गल्लीतून आणा की लॅमिंग्टन रोडवरून, जुना छाप खरवडून नवा मारलेला माल सगळीकडे फिरतो. ओळखीचं दुकान बरं. बसवताना मायका विसरू नका: पाठीचा पत्रा कलेक्टरलाच जोडलेला असतो, आणि दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच हीटसिंकवर असतात.

पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटतच राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे. तो सेकंडरीच्या डायोडांत कसा शोधायचा, ते पुढच्या आठवड्यात.