पुसले गेलेले सामने : अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलच्या जुन्या दूरचित्रवाणी मुद्रणांचा मागोवा

प्रस्तावना

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियममध्ये ग्रीन बे पॅकर्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स या संघांत झालेला सामना पुढे पहिला ‘सुपर बोल’ म्हणून प्रसिद्धीस आला. सीबीएस आणि एनबीसी या दोन प्रतिस्पर्धी दूरचित्रवाणी कंपन्यांनी तो एकाच वेळी दाखविला व सुमारे ५ कोटी लोकांनी तो घरबसल्या पाहिला. असे असूनही त्याचे ध्वनिचित्रमुद्रण या दोहोंपैकी एकाही कंपनीच्या संग्रहात शिल्लक राहिले नाही. मुद्रणाचे तंत्र तोवर ११ वर्षे जुने झाले होते, म्हणजे साधनाचा अभाव हे याचे कारण असू शकत नाही. ही मुद्रणे का नाहीशी झाली, जी उरली ती कोणामुळे उरली आणि उरलेल्यांवर हक्क कोणाचा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. येथे ‘फुटबॉल’ हा शब्द भारतात परिचित असलेल्या खेळासाठी योजलेला नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, तो फेकण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला धरून पाडण्याचा जो अमेरिकी खेळ आहे, त्याच्या व्यावसायिक स्पर्धा नॅशनल फुटबॉल लीग म्हणजे एनएफएल ही संघटना भरविते. सुपर बोल हा तिच्या हंगामाचा अंतिम सामना होय.

मुद्रणाविना प्रक्षेपण

व्यावसायिक फुटबॉलचे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण २२ ऑक्टोबर १९३९ रोजी झाले. न्यूयॉर्कमधील एबेट्स फील्डवर ब्रुकलिन डॉजर्सने फिलाडेल्फिया ईगल्सचा २३-१४ असा पराभव केला. एनबीसीच्या प्रायोगिक केंद्राने दोन कॅमेऱ्यांच्या साहाय्याने तो दाखविला, तेव्हा शहरात दूरचित्रवाणी संच होते सुमारे एक हजार. पडद्यावर आलेले चित्र साठविण्याचे साधनच त्या काळी नव्हते. त्यामुळे हे प्रक्षेपण हरवले असे म्हणणेही काटेकोरपणे बरोबर ठरत नाही. ते साठविलेच गेले नव्हते.

१९४७ च्या सुमारास ‘किनेस्कोप’ची पद्धत वापरात आली. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर १६ मिलिमीटरचा चित्रपट कॅमेरा ठेवून चित्र फिल्मवर उतरवून घ्यावयाचे, अशी ही साधी युक्ती. चित्र धूसर येई, कडा वाकत, पांढरा व काळा यांमधील छटा नाहीशा होत. देशाच्या पश्चिम भागातील केंद्रांना कार्यक्रम काही तासांनी दाखविता यावा, एवढाच या फिल्मचा मुख्य हेतू होता. हेतू साधला की तिचे प्रयोजन संपे.

ड्यूमाँट या कंपनीचे उदाहरण येथे बोलके आहे. २३ डिसेंबर १९५१ चा एनएफएल अजिंक्यपदाचा सामना देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत दाखविण्याचा मान तिचा होता, आणि त्यासाठी तिने ७५ हजार डॉलर मोजले होते. १९५६ मध्ये ही कंपनी बंद पडली. तिच्या किनेस्कोपांचे पुढे काय झाले, याविषयी अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत साक्ष दिली. १९७० च्या दशकात तो साठा मालमोटारींत भरून नेऊन न्यूयॉर्कच्या खाडीत बुडविण्यात आला, असे त्यांनी सांगितले. साठवण कोणी करावी व तिचा खर्च कोणी सोसावा, यावरून तेव्हा वाद चालू होता. वाद मिटविण्याचा हा मार्ग निदान स्वस्त होता, असे म्हणावे लागते.

२८ डिसेंबर १९५८ रोजी यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्सने न्यूयॉर्क जायंट्सवर जादा वेळेत २३-१७ असा विजय मिळविला. हा सामना या खेळाच्या इतिहासात सर्वश्रेष्ठ म्हणून गौरविला जातो आणि दूरचित्रवाणीमुळेच फुटबॉल अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला याचा पुरावा म्हणूनही तो सांगितला जातो. ज्या प्रक्षेपणाने हे घडविले, त्याची पूर्ण प्रत मात्र उपलब्ध नाही. डिसेंबर २००८ मध्ये ईएसपीएन वाहिनीने या सामन्यावर जो माहितीपट दाखविला, त्यासाठी स्वतंत्रपणे चित्रित झालेल्या फिल्मचे तुकडे जोडून त्यांना रंग द्यावा लागला.

दोन इंची फीत आणि तिचा हिशेब

एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे अँपेक्स कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र मुद्रित करणारे यंत्र दाखविले. दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला १५ इंच या गतीने सरके आणि चार मुद्रणशीर्षे बसविलेली चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेत तिच्यावर आडव्या रेषांत चित्र लिही. चार शीर्षांमुळे या पद्धतीला ‘क्वाड्रुप्लेक्स’ हे नाव मिळाले. चित्र किनेस्कोपपेक्षा कितीतरी स्वच्छ येई व ते धुण्याची गरज नसे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने या यंत्राद्वारे आपले बातमीपत्र पश्चिम किनाऱ्यावर उशिराने दाखविले.

तथापि, या यंत्राचा जो गुण सर्वांत मोठा मानला गेला तोच अभिलेखांच्या मुळावर आला. फिल्म एकदाच वापरता येते. फीत पुसून पुन्हा वापरता येते. तासाभराच्या मुद्रणासाठी सुमारे साडेचार हजार फूट फीत लागे आणि तिची किंमत ३०० डॉलरच्या आसपास असे. एका सामन्याला असे दोन-तीन गुंडाळे लागत. हंगामातील प्रत्येक रविवारी अनेक सामने होत. ते जपून ठेवावयाचे तर फितींचा खर्च, वजनदार गुंडाळ्यांसाठी थंड व कोरडी जागा, त्यांची नोंद ठेवणारा कर्मचारी, हे सारे आले. उलट बाजूस उत्पन्न काहीच नव्हते. निकाल ठाऊक असलेला सामना पुन्हा कोण पाहणार, हा व्यवस्थापकांचा प्रश्न त्या काळाच्या हिशेबात चुकीचा नव्हता. सामन्यांना वाहिलेल्या केबल वाहिन्या नव्हत्या, घरगुती कॅसेटचा बाजार नव्हता. मालिका व विनोदी कार्यक्रम स्थानिक केंद्रांना पुनःपुन्हा विकले जात, म्हणून ते टिकले. सामन्याची फीत पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कार्यक्रमासाठी कामी येई.

म्हणूनच या काळातील महत्त्वाच्या सामन्यांची यादी आणि उपलब्ध मुद्रणांची यादी यांचा मेळ बसत नाही. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे उणे २५ अंश सेल्सियस तापमानात पॅकर्सने डॅलस काउबॉइजला २१-१७ असे हरविले. ‘आइस बोल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या सामन्याच्या सीबीएस प्रक्षेपणाचे काही अंशच मिळतात.  दोनच आठवड्यांनी, १४ जानेवारी १९६८ रोजी मायामीत झालेल्या दुसऱ्या सुपर बोलचे प्रक्षेपण हरवलेल्यांतच गणले जाते. १२ जानेवारी १९६९ चा तिसरा सुपर बोल, ज्यात न्यूयॉर्क जेट्सने कोल्ट्सना १६-७ असे अनपेक्षितपणे नमविले, तो मात्र एनबीसीच्या फितीवर जवळजवळ पूर्ण टिकला आहे.

भारतीय वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावा ज्यांनी मैदानावर पाहिल्या त्यांनीच पाहिल्या. त्या खेळीचे दूरचित्रवाणी मुद्रण नाही.

पहिला सुपर बोल

पहिल्या सुपर बोलच्या मुद्रणाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. त्या दिवशी मैदानावरील एकतृतीयांश जागा रिकाम्या होत्या. ६१,९४६ प्रेक्षक उपस्थित होते. कॅमेरे सीबीएसचे होते, एनबीसीने तीच दृश्ये घेऊन स्वतःचे समालोचक बसविले होते. उत्तरार्धाची सुरुवात एनबीसीच्या प्रेक्षकांना दिसली नाही, म्हणून पंचांनी चेंडू पुन्हा मारावयास लावला. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी खेळ थांबवून पुन्हा सुरू करण्याची ही घटना माध्यमाच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटेल. नंतर मात्र दोन्ही कंपन्यांनी आपापल्या फिती जपल्या नाहीत.

पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे एका गृहस्थाने सीबीएसशी संलग्न स्थानिक केंद्राचे प्रक्षेपण दोन गुंडाळ्यांवर मुद्रित करून घेतले होते. क्वाड्रुप्लेक्स यंत्र कोणाच्या घरी असण्यासारखे नव्हते. ज्यांना व्यवसायाच्या निमित्ताने ते हाताळता येई, त्यांनाच हे शक्य होते. फिती पुढे अनेक वर्षे माळ्यावर पडून राहिल्या. २००५ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ नियतकालिकाने हरवलेल्या क्रीडावस्तूंच्या यादीत या प्रक्षेपणाचा समावेश करून त्याचे मूल्य दहा लाख डॉलरहून अधिक असल्याचे नमूद केले. तेव्हा या फितींचा शोध लागला. न्यूयॉर्कच्या पेली सेंटर फॉर मीडिया या संस्थेने त्यांचा जीर्णोद्धार करून अंकीय प्रत तयार केली. मध्यंतर आणि तिसऱ्या सत्राचा काही भाग त्यांत नाही. बाकीचा सामना आहे.

त्यानंतर कायद्याचा पेच उभा राहिला. फीत ही वस्तू कुटुंबाच्या मालकीची, परंतु तिच्यावरील आशयाचे स्वामित्व आपले, अशी एनएफएलची भूमिका. कुटुंबाने दहा लाख डॉलर मागितले, संघटनेने ३० हजार देऊ केले, आणि फीत अन्य कोणास विकल्यास कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. २०१६ मध्ये ५० व्या सुपर बोलच्या निमित्ताने वृत्तपत्रांत ही हकिकत आली, तोपर्यंत तडजोड झाली नव्हती. वस्तू एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे आणि प्रत तिसऱ्याकडे, अशा स्थितीत दस्तऐवज टिकला तरी तो पाहण्याची वाट बंद राहते. ज्यांनी फीत जपली नाही त्यांच्याकडेच आशयाचा हक्क आणि ज्याने जपली त्याच्याकडे न विकता येणारी वस्तू राहावी, यातील विसंगती कायद्याच्या भाषेत बसत असली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती समाधानकारक नाही.

चित्रपट आणि प्रक्षेपण

या सामन्यांची चित्रे सर्वत्र दिसतात, मग हरवले ते काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर फिल्म आणि प्रक्षेपण यांच्यातील भेदात आहे. एड सेबॉल यांनी १९६२ च्या अजिंक्यपदाच्या सामन्याचे चित्रण करण्याचा हक्क ३ हजार डॉलरना मिळविला. त्यांची कंपनी पुढे संघटनेने आपल्याकडे घेऊन ‘एनएफएल फिल्म्स’ स्थापिली. तिचे कॅमेरे मैदानाच्या कडेने, खेळाडूंच्या चेहऱ्याजवळून, संथ गतीत चित्रण करीत. त्यावर भारदस्त निवेदन व वाद्यवृंद चढविला जाई. परिणाम वीरगाथेचा होई. प्रक्षेपणात मात्र खेळ थांबलेला काळ असतो, समालोचकाची चुकलेली ओळख असते, जाहिराती असतात, आणि पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. प्रेक्षकाने नेमके काय पाहिले, याचा पुरावा त्यातच मिळतो.

१५ जानेवारी २०१६ रोजी एनएफएल नेटवर्क वाहिनीने पहिला सुपर बोल ‘पूर्ण’ दाखविला. दोन डझनांहून अधिक ठिकाणांहून फिल्मचे तुकडे मिळवून सर्व १४५ चाली क्रमाने जोडण्यात आल्या व त्यांना एनबीसी रेडिओच्या वर्णनाची जोड देण्यात आली. परिश्रम निश्चितच दाद देण्याजोगे आहेत. परंतु एका माध्यमाचे चित्र आणि दुसऱ्याचा आवाज यांतून सिद्ध झालेली ही रचना त्या दिवशी कोणीही पाहिलेली नव्हती. तिला पुनर्रचना म्हणावे. ती मूळ प्रक्षेपणाची जागा घेऊ शकत नाही. एनबीसीच्या दूरचित्रवाणी समालोचनासह सलग मुद्रण तर आजही हाती नाही.

घरगुती फिती

१९७६ च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याने, प्रक्षेपण होत असतानाच त्याचे मुद्रण केले तर ते संरक्षित मानले जाईल, हे स्पष्ट केले. थेट सामन्याच्या हक्कासाठी मुद्रण करणे त्यामुळे हिताचे ठरले. त्याच कायद्याबरोबर लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दूरचित्रवाणी व रेडिओ अभिलेखागाराचीही तरतूद झाली. बातम्यांच्या बाबतीत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासूनच रात्रीची बातमीपत्रे मुद्रित करावयास प्रारंभ केला होता; खेळाला असा विद्यापीठीय वाली मिळाला नाही. अभ्यासकांच्या लेखी बातमी हा इतिहास होता आणि सामना ही करमणूक.

खेळाचे खरे रक्षण झाले ते घरगुती यंत्रांमुळे. १९७५ मध्ये बेटामॅक्स व लवकरच व्हीएचएस यंत्रे आली आणि रविवारचे सामने हजारो घरांत मुद्रित होऊ लागले. चित्रपट कंपन्यांनी या यंत्रांविरुद्ध दावा लावला, तेव्हा फुटबॉलसह चार व्यावसायिक खेळांच्या प्रतिनिधींनी घरगुती मुद्रणास आपली हरकत नसल्याची साक्ष दिली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्राच्या बाजूने निर्णय देताना या साक्षीची नोंद घेतली.

त्यापूर्वीच्या काळासाठी मात्र योगायोगावरच भिस्त आहे. बेसबॉलमधील एक घटना संशोधकांची आशा जागी ठेवते. गायक बिंग क्रॉस्बी हे पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे भागीदार होते. १३ ऑक्टोबर १९६० चा वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना प्रत्यक्ष पाहणे आपल्याला अशुभ ठरेल या समजुतीने ते परदेशी गेले आणि मागे किनेस्कोप करण्याची व्यवस्था करून ठेवली. १६ मिलिमीटरची ती पाच रिळे त्यांच्या कॅलिफोर्नियातील घराच्या तळघरात, द्राक्षमद्याच्या कोठारात, डिसेंबर २००९ मध्ये सापडली. थंड व कोरड्या जागेमुळे ती उत्तम स्थितीत होती. दोन इंची फितीचे भाग्य एवढे सरळ नाही. ती सापडली तरी वाचण्यासाठी क्वाड्रुप्लेक्स यंत्र लागते. ही यंत्रे आता तयार होत नाहीत, त्यांची मुद्रणशीर्षे झिजतात, आणि ती चालविणारे तंत्रज्ञ वयोवृद्ध झाले आहेत.