घरच्या संगणकाचा नवा कारभारी

घरांतील जुना कारभारी निवृत्त होऊन त्याच्या जागीं नवा आला म्हणजे पहिले कांहीं महिने सर्व कुटुंबाचा कसा गोंधळ उडतो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. किल्ल्या कोणत्या कोनाड्यांत, देण्याघेण्याच्या वह्या कोणत्या पेटींत, हें जुन्यास तोंडपाठ असे. नव्यालाहि तें समजतें, पण तो तें आपल्या पद्धतीनें लावून ठेवितो. असाच एक कारभारी हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांत येऊन बसला आहे, आणि तो दर कांहीं वर्षांनीं बदलतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण जीं अक्षरें उमटवितों, जीं छायाचित्रें पाहतों, जे हिशेब ठेवितों, त्या सर्वांसाठीं संगणकाकडून काम करून घेणारा, कोणती वस्तु कोठें ठेवावयाची हें ठरविणारा, आणि दारांतून आंत कोणास घ्यावयाचें व कोणास नाहीं हें पाहणारा तो हा कारभारी. तो बदलतांना आमच्या घरीं जें घडलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटलें, कारण त्यांत हंसण्यासारखें थोडें आणि शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम मूळ गोष्ट. २९ जुलै २०१५ रोजीं आलेल्या विंडोज १० ची सेवा मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्या दिवशीं कोणाचा संगणक बंद पडला असें मुळींच नव्हे. अशा प्रणालींत कालांतरानें लहानमोठीं भोकें आढळतात, आणि त्यांतून चोर शिरूं नयेत म्हणून कंपनी वरचेवर ठिगळें पाठवीत असते. तीं फुकट व आपोआप यावयाचीं बंद झालीं, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वीं ८ एप्रिल २०१४ रोजीं विंडोज एक्सपीची आणि १४ जानेवारी २०२० रोजीं विंडोज ७ ची हीच गति झाली होती. ज्या यंत्राचा इंटरनेटशीं संबंध आहे, ज्यावरून बँकेचे व प्राप्तिकराचे व्यवहार होतात, त्याचें दार असें उघडें ठेवणें शहाणपणाचें नव्हे, हें उघड आहे.

पण नवा कारभारी, म्हणजे ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेला विंडोज ११, कोणत्याहि घरांत नांदावयास तयार नाहीं. त्यास निदान ४ गिगाबाइट रॅम व ६४ गिगाबाइट सांठवणीची जागा लागते. शिवाय गुप्त किल्ल्या सांभाळणारी टीपीएम २.० नांवाची सोय लागते; आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो सामान्यतः आठव्या पिढीचा अगर त्यापुढचा असावा लागतो. ती पिढी निघाली २०१७ मध्यें. आमचा संगणक २०१६ मधला! चालण्यांत कांहीं एक कसूर नसतां केवळ जन्मसालामुळें तो अपात्र ठरला.

आमचें घर पेणचें. पेण म्हटलें कीं बाहेरच्या लोकांस गणपति आठवतात, आणि तें योग्यच आहे. माझा पुतण्या एका गणपतीच्या कारखान्याचे हिशेब लिहितो, ते ह्याच संगणकावर. सूनबाई मुलांचा अभ्यास त्यावरच घेते. परदेशीं असलेली नात रविवारीं त्यावरच आम्हांस दर्शन देते. आणि त्यांतच, सर्वांच्या नकळत एका कोपऱ्यांत, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता.

हा कुलवृत्तांत माझ्या थोरल्या बंधूंनीं, दादांनीं, १९९९ पासून २००४ पर्यंत लिहिला. गांवोगांव हिंडून, जुनीं पत्रें व दफ्तरें चाळून, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकून त्यांनीं नऊ पिढ्यांची माहिती जमविली, आणि त्या काळच्या एका मराठी टंकांत, एका बोटानें कळा दाबीत, सुमारें तीनशें पानें स्वतः उमटविलीं. छापावयाचें राहून गेलें. दादा २०११ मध्यें वारले. घरांतील संगणक बदलला तरी तीं पानें एका यंत्रांतून दुसऱ्यांत जात राहिलीं. उघडून मात्र कोणी पाहिलीं नाहींत.

२०२५ च्या दिवाळीच्या आधल्या आठवड्यांत पुतण्यानें संगणक दुरुस्तीच्या दुकानांत नेला. "सगळें नवें टाकून देऊं ना?" असें तेथल्या मुलानें विचारलें, आणि ह्यानें "हो" म्हटलें. दोन दिवसांनीं यंत्र परत आलें. नियमांस बगल देऊन त्यांत विंडोज ११ बसविलेलें होतें. तें झळझळीत दिसत होतें, चपळ चालत होतें, आणि आंतून साफ रिकामें होतें. दुकानाचें नांव मी लिहीत नाहीं. त्या मुलानें प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस कळला नाहीं. "आंत काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कोठें आहे?" हा प्रश्न मात्र त्यानेंहि विचारला नाहीं व आम्हींहि नाहीं. हिशेबाच्या प्रती कारखान्यांत होत्या. दादांच्या पानांची प्रत कोठेंच नव्हती. वहिनींस हें सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. त्यांनीं ऐकून घेतलें, चष्मा काढून पदरानें पुसला, आणि "बरं" एवढेंच म्हणून त्या स्वयंपाकघरांत गेल्या. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वहिनींनाच आठवलें कीं दादांनीं रोह्यास आक्काकडे, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीकडे, संगणक शिकवावयास म्हणून आठ दिवस मुक्काम केला होता. पुतण्यास घेऊन मी दिवा-रोहा गाडीनें निघालों. कासू, नागोठणें मागें पडलें तरी दोघांत फारसें बोलणें झालें नाहीं. रोह्यास आक्काच्या माजघरांत, कापडाच्या खोळीखालीं, एक्सपीच्या काळचा संगणक अजून उभा होता. त्यास इंटरनेटची जोडणी कधींच नव्हती. आमचा पुतण्या दर सुटींत त्या यंत्राची थट्टा करी. तें सुरू व्हावयास सात-आठ मिनिटें लागलीं. पण तें सुरू झालें, आणि दादांचा कुलवृत्तांत पहिल्या पानापासून अखेरपर्यंत जसाच्या तसा पडद्यावर उमटला. आक्का म्हणाली, "दादा म्हणाला होता, एक प्रत इकडे असूं दे. मी नुसती धूळ पुसत गेलें."

येथें एक शंका वाचकांस येईल. तर मग जुनें तेंच बरें, असें म्हणावयाचें काय? तसें नव्हे. आक्काचें यंत्र सुरक्षित राहिलें तें बाहेरच्या जगाशीं त्याचा संबंध नव्हता म्हणून. घराला दारच नसेल तर कुलूप जुनें कीं नवें हा प्रश्न उरत नाहीं. परंतु आमच्या पेणच्या यंत्रास शंभर दारें आहेत. बदल करणें प्राप्तच होतें. चूक झाली ती बदलण्यांत नव्हे, तर सामान न मोजतां घर बदलण्यांत झाली.

पेनड्राइव्हवर पानें घेऊन आम्ही पेणला आलों, आणि नव्या प्रणालींत उघडून पाहतों तों रोमन अक्षरें व चिन्हें ह्यांची खिचडी! ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. संगणक अक्षर ओळखीत नाहीं; तो अंक ओळखतो. त्या वेळच्या बहुतेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्याच अंकांवर देवनागरीचे आकार चढविलेले असत. तो टंक जवळ असेपर्यंत मराठी दिसे. तो गेला कीं सोंग उतरे. पुढें पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅकसारख्या संस्थांनीं भारतीय लिप्यांसाठीं पुष्कळ खटपट केली. १९९१ मध्यें युनिकोड ही जागतिक पद्धति प्रसिद्ध झाली, आणि तींत देवनागरीस स्वतःचीं १२८ घरें मिळालीं. तींत 'क' ह्या अक्षराचा अंक २३२५. तो पेणला, रोह्याला आणि लंडनलाहि तोच. आमच्याच तालुक्यांतील गागोद्यास १८९५ मध्यें जन्मलेले विनोबा भारतांतील सर्व भाषांनीं आपापल्या लिपीबरोबर नागरीहि वापरावी म्हणून आग्रह धरीत. तो मनोरथ सिद्धीस गेला नाहीं. पण नागरी अक्षर आज कोणत्याहि देशांतील यंत्रास ओळखतां येतें, हें कांहीं थोडें नव्हे.

जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें आणणाऱ्या युक्त्या आहेत. पुतण्यानें तशी एक वापरली व अर्ध्या तासांत तीनशें पानें पालटलीं. मी मुद्रितें तपासावयास बसलों, आणि चौथ्या पिढीपाशीं अडलों. आमचे पणजोबा 'मुंबईस आचार्याचें काम करून धाकट्या भावास शिकविते झाले' असें तेथें लिहिलेलें! पुतण्या खूष झाला. घराण्यांत आचार्य निघाले! पण मला आठवत होतें तें निराळें. रोह्यास फोन केला. आक्कानें यंत्र सुरू करून वाचून दाखविलें: 'आचाऱ्याचें काम'. मराठींतील तो अर्धा र, ज्यामुळें दर्या व दऱ्या, आचार्यांस व आचाऱ्यांस हे भेद होतात, त्या युक्तीनें सरसकट रफार करून टाकला होता. "राहूं दे ना तसंच," पुतण्या म्हणाला, "कोणाला कळणार आहे?" आक्का फोनवरून म्हणाली, "त्यांच्या पळीवर हें घर शिकलं रे. आचारी होते, आचारीच लिही." वहिनी शेजारीं उभ्या होत्या, त्यांनीं मान हलविली. मीं अर्धा र परत घातला. तेव्हांपासून रोज पांच पानें ह्या बेतानें, वहिनी ऐकत असतां, मी तपाशीत असतों.

आतां वाचकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी.

प्रणाली बदलण्यापूर्वीं घरांतील सर्वांस विचारून काय काय आंत आहे त्याची यादी करावी, आणि दोन प्रती काढून एक दुसऱ्या घरीं ठेवावी. नंतरच यंत्र कोणाच्या हातीं द्यावें. जुन्या मराठी टंकांतील मजकूर असेल तर तो टंकहि जपून ठेवावा.

यंत्र विंडोज ११ ला अपात्र ठरलें म्हणून तें लगेच भंगारांत घालूं नये. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस विंडोज १० साठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत संरक्षणाचीं ठिगळें देण्याची सोय कंपनीनें जाहीर केली. शिवाय लिनक्स ह्या विनामूल्य जातीच्या प्रणाली आहेत. सी-डॅकची बॉस ही त्यांतलीच. पुतण्यानें कारखान्याच्या कामासाठीं नवें यंत्र घेतलें; जुन्यांतील तें आडवाटेनें बसविलेलें विंडोज काढून लिनक्स घातलें, आणि हा लेख मीं त्यावरच लिहिला आहे.

"तुमच्या संगणकाची मुदत संपली, आम्ही कंपनींतून बोलतों," असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कंपनी असा फोन आपण होऊन करीत नाहीं. पैसे गेलेच तर विलंब न लावतां १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें.

शेवटची गोष्ट तरुणांसाठीं. नव्या सुनेनें मांडणीवरचे डबे हलविले तर सासूबाईंस हळद सांपडत नाहीं. त्यांत सासूबाईंची बुद्धि मंद होत नाहीं. विंडोज ११ नें डाव्या कोपऱ्यांतील स्टार्टची कळ मध्यभागीं आणली, आणि वहिनींस वाटलें कीं यंत्रच बिघडलें. ती कळ परत डावीकडे नेतां येते, अक्षरें मोठीं करतां येतात. हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. दोन मिनिटांचें काम होतें. घरांतील पायऱ्या मराठींत, मोठ्या अक्षरांत, एका वहींत लिहून यंत्रापाशीं ठेवाव्या. कळफलकाविषयीं म्हणाल तर इन्स्क्रिप्ट वडील मंडळींस कठीण जातो हा भ्रम आहे. त्यांत स्वर बहुतेक डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास आहेत, आणि अल्पप्राण व त्याचा महाप्राण एकाच कळीवर. साधी दाबली तर क, शिफ्टसह ख. तसेंच ग-घ, त-थ, प-फ. ज्यांनीं लहानपणीं वर्णमाला घोकली त्यांचा निम्मा अभ्यास आधींच झालेला आहे.

असो. कुलवृत्तांताच्या प्रती आतां तीन ठिकाणीं आहेत: पेणला, रोह्याला, आणि परदेशीं नातीपाशीं. तपासणी पुरी झाली कीं कागदावरहि छापून घेणार आहों. कारण कागदास कारभारी लागत नाहीं. आक्काच्या यंत्रावरची खोळ मात्र पुतण्यानें स्वतः नवी शिवून आणली आहे.