‘फिट’ लिहिल्याची तारीख

भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं जातात ती एका ठोक्यात. त्यानंतरचे कागद मात्र महिनोन्‌महिने चालतात. एका कामगार कार्यकर्त्या ताईंच्या टेबलाशी बसून मी ते पाहत होतो.

समोर ठेक्यावरचा तरुण कामगार. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं. कामगार विमा योजनेकडून (ईएसआय) तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता चालू होता. सरासरी मजुरी रोजची ६०० रुपये, तिचे ९० टक्के म्हणजे ५४०. ठेकेदाराने फोनवर “आता येऊ नकोस” सांगितलं, म्हणून तो बेकारीचा अर्ज भरायला आला होता.

“दादा, हा आज भरायचा नाही,” ताई म्हणाल्या.

बेकारीचे पैसे देणारी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै २०१८ मध्ये आली. २०२० पासून तिचा दर मजुरीच्या ५० टक्के झाला, तोही आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. एकाच दिवसाचे दोन्ही पैसे मिळत नाहीत. ५४० येत असताना ३०० मागून काय मिळणार? शिवाय अपंगत्वाचा भत्ता चालू असताना मनाला येईल तसं कामावरून काढायला कायदाच आड येतो. ताईंनी आधी त्या तक्रारीचा कागद पुढे ओढला.

खरा पेच पुढे आहे. डॉक्टरांनी ‘फिट’ लिहिलं की ५४० बंद. पण दोन बोटं नसलेल्या माणसाला प्रेसवर घेणार कोण? मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताच्या दोन बोटांना २० टक्के आहेत. म्हणजे ५४० चे २० टक्के, दिवसाला १०८ रुपये, जन्मभराची पेन्शन. आणि हे १०८ बेकारीच्या पैशांमुळे थांबत नाहीत. फिट झाल्यावरही काम मिळालं नाही, तर ९० दिवसांपर्यंत ३०० अधिक १०८ असे ४०८ हातात पडू शकतात. पेन्शन कापली जाईल या भीतीने बेकारीचा अर्जच न करणारी माणसं ताईंनी पाहिली आहेत. हक्काचा पैसा असा धास्तीने सोडून द्यावा लागतो, याचा मला संताप येतो.

“विमा किती वर्षं भरलाय?” ताईंनी विचारलं. बेकारीच्या पैशांसाठी ठरावीक काळ विमाधारक असावं लागतं, शिवाय काम सुटण्याआधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. तो म्हणाला, मध्ये ठेकेदार बदलला होता. ताईंनी त्याचा विमा क्रमांक टाकून वर्गणीच्या नोंदी महिन्यागणिक तपासायला घेतल्या.