जर्मनीवर राज्य कुणी केलं? जेत्यांच्या गव्हर्नरांविषयीचे गैरसमज

८ मे १९४५ रोजी जर्मनीने शरणागती पत्करली. त्यानंतर चार वर्षं तिथे दोस्त राष्ट्रांचे लष्करी गव्हर्नर होते आणि पश्चिम भागात पुढची सहा वर्षं हाय कमिशनर. या दहा वर्षांचं आपल्या मनातलं चित्र बहुधा असं असतं : रणांगण गाजवलेला सेनापती येतो, हुकूम सोडतो, मग सुटाबुटातला मुलकी माणूस येतो आणि देश मोकळा होतो. यातलं फारच थोडं खरं आहे.

सेनापतींपासूनच सुरुवात करू. ५ जून १९४५ च्या बर्लिन जाहीरनाम्यावर अमेरिकेचे आयसेनहॉवर, रशियाचे झुकोव्ह, ब्रिटनचे माँटगोमेरी आणि फ्रान्सचे द लात्र द तासिन्यी यांच्या सह्या आहेत, पण वर्षभरात हे चौघेही जर्मनीतून गेले होते. चार राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या जर्मनीतल्या अमेरिकी विभागाचा गाडा खऱ्या अर्थाने हाकला तो लुशियस क्ले यांनी. आधी उपगव्हर्नर आणि मार्च १९४७ पासून गव्हर्नर. हे गृहस्थ लष्करी इंजिनिअर होते, लढाईत त्यांनी कधीच फौज हाताळली नव्हती. त्यांना कळायचं ते पुरवठ्याचं गणित, आणि उद्ध्वस्त देशात तेच लागत होतं. उलट रणशूर पॅटन बव्हेरियाच्या कारभारावर बसले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये पत्रकारांसमोर नाझी पक्षाची तुलना अमेरिकेतल्या पक्षांशी करून बसले. थोड्याच दिवसांत त्यांना तिथून हलवलं गेलं.

दुसरा समज असा की चौघांनी मिळून जर्मनीवर एक सरकार चालवलं. कागदावर तशी नियंत्रण परिषद होती खरी, पण तिचा प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा. पॉट्सडॅमच्या बैठकीला न बोलावलेल्या फ्रान्सने अख्ख्या जर्मनीसाठी सामाईक खाती उभारायला सुरुवातीपासूनच नकार दिला. त्यामुळे आपापल्या विभागात प्रत्येक गव्हर्नर जवळजवळ सार्वभौम झाला. फेब्रुवारी १९४७ मध्ये प्रशिया हे राज्य नकाशावरून पुसण्यावर मात्र चौघांचं एकमत झालं. २० मार्च १९४८ रोजी सोव्हिएत गव्हर्नर सोकोलोव्हस्की सभेतून उठून गेले आणि परिषदेचा कारभार ठप्प झाला.

गल्लीबोळापर्यंतचा कारभारही गणवेशातल्या माणसांनी केला, हेही तितकंसं खरं नाही. पाणी, रेशन, शाळा हे सगळं जर्मन माणसांकडूनच करून घ्यावं लागे आणि गव्हर्नरांचे अधिकारी वर बसून नेमणुका करत वा माणसं काढत. कोलोनचंच पाहा. अमेरिकनांनी तिथे वयोवृद्ध कोनराड आडेनाउअर यांना महापौर केलं. शहर ब्रिटिशांकडे गेलं आणि ६ ऑक्टोबर १९४५ रोजी एका ब्रिगेडियरने कामातल्या ढिलाईचा ठपका ठेवून त्यांना घरी पाठवलं. वर राजकारणात लुडबूड करायची नाही, अशी तंबी. चार वर्षांनी हेच गृहस्थ पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. नाझींची छाननीही अशीच खाली सरकली. आधी अमेरिकनांनी १३१ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, पण ढीग उपसता येईना. मार्च १९४६ मध्ये त्यांनी ते काम जर्मन न्यायमंडळांवर सोपवलं. पुढे शेजारीच शेजाऱ्याला चांगुलपणाचे दाखले देऊ लागले, यात नवल ते काय?

जेते पहिल्या दिवसापासून मदतीच्या थैल्या घेऊन आले, हा समज मार्शल योजनेमुळे रूढ झाला असावा. प्रत्यक्षात १९४५ च्या अमेरिकी आदेशात जर्मन अर्थव्यवस्था सावरण्यासाठी काही करू नका, असंच बजावलं होतं. तो आदेश जुलै १९४७ पर्यंत बदलला नाही. १९४६ च्या वसंतात ब्रिटिश विभागातलं रेशन माणशी सुमारे हजार कॅलरींवर आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये खुद्द ब्रिटनमध्ये पावावर रेशनिंग आलं, जे युद्धातही आलं नव्हतं. पराभूतांना पोसण्याचा खर्च जेत्याला परवडेना. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटिश आणि अमेरिकी विभाग एक झाले, त्यामागे तत्त्वापेक्षा रिकामी तिजोरी अधिक होती, असं माझं मत. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या गव्हर्नरांनी नवं चलन आणलं, पहिल्या दिवशी माणशी ४० मार्क. या नोटा अमेरिकेत छापून गुपचूप आणल्या होत्या. काही दिवसांतच रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली.

राज्यघटना गव्हर्नरांनी लिहून दिली, ही समजूत खरं तर जपानवरून इकडे आली आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॅकआर्थर यांच्या कचेरीने जपानी घटनेचा मसुदा आठवडाभरात तयार केला. जर्मनीत मात्र ६५ जर्मन सदस्यांच्या परिषदेने बॉनमध्ये घटना लिहिली. गव्हर्नरांनी आधी अटी घातल्या, मधे नाकं मुरडली आणि मे १९४९ मध्ये मंजुरी दिली. जपानमध्ये मंत्रिमंडळ जागेवर ठेवून त्याच्यामार्फत राज्य चाललं. तिथे गेलेल्या राष्ट्रकुलाच्या फौजेत ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियनही होती. ती मंडळी पहारे देत, संचलनं करत. कारभार त्यांच्याकडे नव्हता, त्यांच्या भागातही तो अमेरिकी पथकांकडेच होता.

आता सगळ्यात पक्का गैरसमज : १९४९ मध्ये मुलकी माणसं आली आणि ताबा संपला. २१ सप्टेंबर १९४९ रोजी बॉनजवळच्या पीटर्सबर्ग हॉटेलात आडेनाउअर तिन्ही हाय कमिशनरांना भेटायला गेले. तिघे गालिच्यावर उभे राहणार आणि चॅन्सेलर गालिच्याबाहेर, असा शिष्टाचार ठरला होता. फ्रान्सचे फ्राँस्वा-पाँसे स्वागताला एक पाऊल पुढे आले आणि आडेनाउअर यांनी तेवढ्यात गालिच्यावर पाय ठेवला. हा किस्सा जर्मन लोक आजही चवीने सांगतात. पण त्याच दिवशी लागू झालेल्या ताबा-कायद्याने परराष्ट्र धोरण, निःशस्त्रीकरण, परदेशी व्यापारावरचं नियंत्रण अशा गोष्टी कमिशनरांकडेच ठेवल्या. त्यांतले ब्रिटनचे रॉबर्टसन तर आदल्या दिवसापर्यंत लष्करी गव्हर्नरच होते. अमेरिकेचे जॉन मॅक्लॉय पेशाने वकील, जागतिक बँकेचे माजी अध्यक्ष. पण १९५१ मध्ये त्यांच्या एका निर्णयाने उद्योगपती आल्फ्रीड क्रुप तुरुंगातून सुटले आणि त्यांची जप्त मालमत्ताही परत मिळाली. इतका अधिकार किती सेनापतींकडे असतो? पूर्वेकडे तर स्टालिनग्राडची लढाई गाजवलेले सोव्हिएत सेनापती चुइकोव्ह १९५३ पर्यंत गणवेशातच कारभार पाहत होते.

पश्चिम जर्मनीवरचा ताबा ५ मे १९५५ रोजी उठला. बर्लिनला ती तारीख लागू नव्हती. पश्चिम बर्लिनमध्ये तिन्ही राष्ट्रांचे लष्करी कमांडंट पुढेही राहिले. तिथल्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा नव्हती आणि बॉनच्या संसदेसाठी थेट मतदानही नव्हतं. हे कमांडंट २ ऑक्टोबर १९९० पर्यंत होते.