गावाला ठाऊक, पोराला नाही

चिपळूणहून कराडला निघालं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी अलोरे लागतं. कोयना प्रकल्पाची वसाहत, ही त्याची ओळख. शेजारी कोळकेवाडीचं धरण, जवळच पोफळी. घाटमाथ्यावर अडवलेलं, एरवी पूर्वेला गेलं असतं असं पाणी इथे बोगद्यांतून खाली येतं, वीज देऊन वाशिष्ठीला मिळतं. प्रकल्पाच्या नोकरीपायी मुलुखामुलुखातली बिऱ्हाडं इथे आली आणि त्यांची मुलं एका शाळेत, एका वसाहतीत वाढली.

साहित्याच्या नकाशावर अलोऱ्याला कुणी टिंब देत नाही. पण मराठीतल्या वयात येण्याच्या मोठ्या गोष्टी इथून फार लांब नाहीत. वायव्येला दापोली तालुक्यात साने गुरुजींचं पालगड आणि श्री. ना. पेंडशांचं मुर्डी. खेडकडे जगबुडीच्या काठी पेंडशांच्याच खोतांचं तुंबाड. ती जगबुडीही शेवटी वाशिष्ठीलाच मिळते. आणि घाट चढून पलीकडे उतरलं की कराड. प्रकाश नारायण संत तिथे भूशास्त्र शिकवत होते आणि तिथेच त्यांनी आपल्या कथांमधला लंपन हा मुलगा कागदावर उतरवला.

या पुस्तकांना बांधणारा धागा म्हणजे घरातलं गुपित. मात्र ते इंग्रजी कादंबरीतल्यासारखं नाही. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पिपचा खरा पोशिंदा कोण, हे त्याला कळतं तेव्हाच वाचकालाही कळतं आणि दोघेही एकदम हादरतात. कोकणातल्या गावात अशी सोय नाही. वाडी छोटी, पाणवठा एक, देऊळ एक. कुणाचं पोर कुणाचं, कुणाचं शेत कुणाकडे गहाण, मुंबईला गेलेल्याची मनीऑर्डर का थांबली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त ज्याचं त्याला. मोठं होणं म्हणजे गावाला आधीच माहीत असलेलं एक-एक करून आपल्याला कळत जाणं.

घराची बांधणीही याला साथ देते. ओटीवर पुरुष बसतात, बाहेरचा माणूस येतो, व्यवहार बोलले जातात. माजघरात बायका आणि लहान मुलं. मुलगा माजघरात असतो तोवर त्याच्यासमोर सगळं बोललं जातं, कारण त्याला कळत नाही अशी खात्री असते. एक दिवस तो ओटीवर येऊन बसू लागतो. तेव्हा माजघरात कानावर पडलेल्या शब्दांचे अर्थ त्याला लागत जातात.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिलं. ते छापून आलं १९३५ साली. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि श्याम घराघरात गेला. मग त्याच्यावर संस्काराचं लेबल चिकटलं ते कायमचंच. त्या लेबलाखाली एक गोष्ट दडली: हे पुस्तक एका बुडत्या घराचं आहे. वडील खोत, डोक्यावर कर्ज, आणि ते मुलांपासून झाकून ठेवण्याची धडपड. सावकाराचा माणूस दारात आला की ती झाकली मूठ उघडी पडते. अब्रूचे धिंडवडे निघण्याचं प्रकरण आजही नीट वाचवत नाही. त्यात खलनायक कुणी नसतो आणि घर तरीही मोडतं.

क्षमेची सगळ्यात सुंदर जागा या पुस्तकात अगदी साधी आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, भाजी चांगली झाल्याचं म्हणतात, मुलंही गप्प राहतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि तिचा जीव कासावीस होतो. चुकलेल्याला कळू न देणं, एवढीच ती क्षमा. घरातली सगळी गुपितं विषारी नसतात, काही अशी पानावरची असतात. श्याम स्वतः वाचायच्या ओढीने पैसे चोरतो, तेव्हा मात्र आई झाकत नाही. ती लपवू द्यायलाही तयार नसते. एकाच घरात या दोन रीती एका मुलाला शिकायला मिळतात, आणि कुठे कुठली वापरायची हे त्याला आयुष्यभर ठरवावं लागतं.

आई गेली तेव्हा श्याम जवळ नव्हता. सारं पुस्तक त्या न झालेल्या भेटीपोटी आलेलं आहे. क्षमा मागायची आहे आणि ऐकायला कुणी नाही, म्हणून तो आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र सांगत बसतो.

पेंडसे दुसऱ्या टोकाला उभे आहेत. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधला बापू विठोबाचा मुलगा म्हणून वाढतो. खरा बाप अण्णा खोत, अशी गावभर कुजबुज. मराठी कादंबरीत जन्माचं गुपित याआधीही आलं होतं, पण बहुधा रहस्यकथेच्या थाटात. पेंडशांनी ते पोफळीच्या बागेत आणि चहाच्या दुकानात आणून ठेवलं, जिथे ते रोज कुणाच्या तरी ओठावर असतं. बापू त्यावर रडत नाही, चौकशीही करत नाही. तो गावाला अंगावर घेतो. चहाचं दुकान चालवणाऱ्या राधेशी संसार मांडतो, वाळीत पडतो, आणि स्वतःच्या बळावर गावापेक्षा मोठा होतो. इयन रेसाइड यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या नावात बापूला रानटी ठरवणारं विशेषण आलं, ते फारसं पटत नाही. बापूइतका नीतीचा विचार करणारा माणूस त्या गारंबीत दुसरा नाही.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. खोती म्हणजे नुसता मान नव्हता. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून सारा वसूल करण्याचा तो वंशपरंपरेचा हक्क होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तो मोडण्यासाठी विधेयक आणलं. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ चा. जिथे बापाच्या नावाबरोबर जमीन आणि पानमान येतं, तिथे बाप कोण हा प्रश्न हळव्या मनाचा राहत नाही, तो सातबाऱ्याचा होतो. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीत पेंडशांनी हे चार पिढ्यांवर पसरून दाखवलं. पहिल्या पिढीने केलेला अन्याय पुढच्या पिढ्यांना वाड्यासारखाच वारशाने मिळतो, आणि क्षमा मागावी अशी माणसं तोवर कधीच मातीत गेलेली असतात. २०१८ च्या गाजलेल्या हिंदी चित्रपटाने या कादंबरीकडून नाव तेवढं घेतलं, गोष्ट नाही. चित्रपट पाहून कुणी या दोन खंडांकडे वळलं तर फार बरं होईल.

आता घाटापलीकडे. लंपनची चार पुस्तकं: ‘वनवास’ (१९९४), मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. कादंबरी म्हणून ती लिहिलेली नाहीत, कथा आहेत. पण सलग वाचली की मराठीतली सगळ्यात नाजूक विकासकादंबरी हाताशी येते. बेळगावकडच्या कानडी वळणाच्या गावात लंपन आजी-आजोबांकडे राहतो. आईवडील आहेत, भावंडं आहेत, मग आपल्यालाच इथे का ठेवलं? हा प्रश्न तो मोठ्याने क्वचितच विचारतो. तो पतंगात, गाण्यात, मैत्रीण सुमीच्या सोबतीत शिरून बसलेला असतो आणि भलत्या वेळी पोटात कळ आल्यासारखा वर येतो. शेवटी वडील जातात आणि लंपन आईकडे परततो. त्याने आईला माफ केलं का, हे संत सांगत नाहीत. तो तिच्याजवळ जातो, एवढंच.

संतांच्या आयुष्यात याचं मूळ होतं. कवयित्री इंदिरा संत त्यांच्या आई, वडील ना. मा. संत १९४६ मध्ये वारले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे तो आजोळी दत्तक गेला आणि कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाला. पुस्तकांवर मात्र त्यांनी वडिलांचं नाव लावलं. २००३ मध्ये ते गेले. २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांनी लंपनवर वेबमालिका केली आणि गोव्याच्या इफ्फीत तिला सर्वोत्तम वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला.

‘कोसला’ (१९६३) आणि ‘शाळा’ (२००४) यांचा उल्लेख अशा लेखात होतोच. त्यांचं मोठेपण वादातीत आहे. पण त्यांचे नायक, अनुक्रमे पांडुरंग सांगवीकर आणि मुकुंद जोशी, यांचं खरं भांडण घराच्या झाकपाकीशी नसून भोवतालच्या काळाशी आहे. तरीही धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर पांडुरंगचा जो आकांत होतो, तो वाचताना बापलेकातली न मिटणारी जागा लख्ख दिसते.

या सगळ्या मुलग्यांमध्ये मुली कुठे आहेत? १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिकेलाच ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावामागे राहावं लागलं. गुपित पुस्तकाच्या वेष्टनावरच होतं. रत्नागिरी जिल्ह्याच्या मुलीची वाढ सांगोपांग सांगणारं पुस्तक त्यानंतर सत्तर वर्षांनी आलं, आणि ते कादंबरी नसून आत्मकथन आहे: उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३). आयदानं म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या. आई ती विणते आणि त्यावर घर चालतं. शाळेत शिक्षक दलित मुलीला शेण भरायला लावतो, मारतो. विधवा आई त्याला वाटेत अडवून भर रस्त्यात जाब विचारते. पुढे तो वाटेला जात नाही. इथे क्षमेचा प्रश्न निघत नाही, कारण आधी कुणीतरी चूक कबूल करायची असते. श्यामच्या घरची अळणी भाजी आणि ही वाट, दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या आहेत. कोकणातल्या क्षमेबद्दल बोलताना एकच उचलून चालणार नाही.

पेंडशांना हे जाणवलं असावं. ‘गारंबीचा बापू’मध्ये राधा बापूच्या डोळ्यांनी दिसते, गावाच्या जिभेवर ऐकू येते, तिचं स्वतःचं म्हणणं कमीच. चार दशकांनंतर, १९९३ मध्ये, त्यांनी पुन्हा त्या गावात पाऊल ठेवलं आणि ‘गारंबीची राधा’ लिहिली. तेव्हा पेंडसे ऐंशी वर्षांचे होते.