रंगाच्या आधीची कारागिरी

रेल्वेच्या मॉडेल इंजिनाचा रंग बदलायचा म्हटलं, की पाहणाऱ्याचं सगळं लक्ष एअरब्रशकडे जातं. पण काम चांगलं उतरणार की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी ठरतं. इंजिनाच्या अंगावर कारखान्याने चिकटवलेले नाजूक भाग न मोडता सुटले, तर अर्धी बाजी तिथेच मारलेली असते.

या मॉडेलांचं जगात सर्वाधिक चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. अमेरिकेतलं साडेबावीस मीटर लांबीचं एसडी७०मॅक डिझेल इंजिन या मापात २६ सेंटीमीटरचं होतं. वर चढताना ड्रायव्हर धरतो ती इंचभर जाडीची सळई ०.३ मिलिमीटरची तार होऊन बसते. पूर्वी अशा बऱ्याच सळया बॉडीच्या साच्यातूनच उठून यायच्या. ॲथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यातल्या किटचे कठडे तर विकत घेणाराच घरी बसवायचा. आता चांगल्या मॉडेलवर हॉर्न, वायपर, ब्रेकचे होस, सळया हे सगळं सुटं बनवून कारखान्यातच चिकटवलेलं असतं. मॉडेल देखणं झालं, तसं ते उलगडणं अवघड झालं.

आपल्याकडेही या छंदाची जुनी ओढ आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना हे जग दाखवतं आहे. भारतीय इंजिनांची तयार मॉडेलं मात्र कमी मिळतात. म्हणून विदेशी मॉडेलच भारतीय रंगात आणण्याचा मार्ग उरतो. १९९९ मध्ये जनरल मोटर्सकडून भारतात आलेलं डब्ल्यूडीजी-४ हे एसडी७०मॅकच्याच घराण्यातलं आहे. पण एसडी७०मॅकच्या मॉडेलवरची तिकडची घंटा आणि हॉर्न उतरवल्याशिवाय ते आपलं वाटत नाही.

भाग न काढता वरूनच रंग मारला तर काय बिघडतं? हिशेब करून पाहावा. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटरचा धरला, तरी खऱ्या इंजिनावर तो चार मिलिमीटरहून जाड ठरेल. त्याखाली कारखान्याचा रंग, वर पुन्हा वार्निश. जाळ्या बुजतात, रिव्हेट दिसेनासे होतात. सळईच्या मागे एअरब्रशचा फवारा पोहोचत नाही आणि तिच्याभोवती मास्किंग टेपही नीट बसत नाही.

भाग सोडवायचा, तर आधी गोंद ओळखावा लागतो. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपल्याकडे फेविक्विक म्हणून घरोघरी असलेला प्रकार, सरळ ओढलं तर दाद देत नाही. कडेने उचकटलं किंवा झटका बसला, की मात्र तडकतो. थंडीने तो आणखी ठिसूळ होतो, म्हणून काही जण बॉडी तासभर फ्रीझरमध्ये ठेवतात. पण त्या थंडीत प्लॅस्टिकही कडक होतं, तेव्हा हात हलकाच हवा. ॲसिटोनने हा गोंद विरघळतो खरा, पण पॉलिस्टायरीन आणि एबीएसची बॉडीही त्याच्यासोबत विरघळते. खिडक्यांच्या काचा बऱ्याचदा पांढऱ्या गोंदाने बसवलेल्या असतात. तो कोमट पाण्याने मऊ पडतो. कठडे पुष्कळदा ॲसिटल नावाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकचे असतात. त्याला गोंद फारसा धरत नाही, म्हणून ते भोकांतल्या खुंट्यांवरच तोललेले असतात आणि सहज निघतात. पण ज्याला गोंद धरत नाही त्याला रंगही धरत नाही. तिथे योग्य प्रायमर लावावाच लागतो.

एक सळई कशी निघते ते जवळून पाहण्यासारखं आहे. बॉडी चासीवरून उतरवून उलटी धरायची आणि आत टॉर्च मारायचा. सळईची दोन टोकं आत किंचित आलेली दिसतात आणि प्रत्येकाभोवती गोंदाचा चकाकता थेंब असतो. जोड बाहेरून दिसतो, पण त्याची पकड आत असते. पात्याच्या टोकाने तो थेंब हळूच खरवडायचा. मग बोथट पिनेने एक टोक अर्धा मिलिमीटर ढकलायचं, मग दुसरं, पुन्हा पहिलं. एकाच बाजूने रेटलं की तार वाकते आणि भोक फाटतं. शेवटचा झटका देताना बॉडी पारदर्शक पिशवीत धरावी, म्हणजे उडालेली सळई पिशवीतच सापडते. निघालेला प्रत्येक भाग लगेच कागदावरच्या इंजिनाच्या रेखाचित्रावर त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायचा. डावी-उजवी सळई दिसायला सारखी असते, बसताना सारखी नसते.

काही जोड उघडायचेच नसतात. प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. तिथे मध्ये गोंद उरलेलाच नसतो, मग सुटणार काय? असा भाग ओळखून जागीच ठेवणं आणि भोवती संयमाने टेप लावणं, हे या कामातलं खरं शहाणपण आहे. सगळं सुटं झालंच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्याच्या हातात शेवटी तुकडे येतात.

सुटी झालेली बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुना रंग मऊ करतात आणि जुन्या टूथब्रशने उतरवतात. आधी आतल्या कोपऱ्यात थेंब लावून बॉडीचं प्लॅस्टिक ते सोसतं का, हे पाहावं. खोलीच्या खिडक्या उघड्या, हातात हातमोजे आणि जवळपास ज्योत नाही, ही शिस्त पाळावीच.

मग नवा रंग चढतो आणि जोडणीची वेळ येते. इथे चांगला कारागीर फक्त आपल्या इंजिनाचा विचार करत नाही. काचा तो पुन्हा पांढऱ्या गोंदानेच बसवतो, कारण सायनोॲक्रिलेटच्या वाफेने काच धुरकटते. सळयांना आतून सुईच्या टोकाएवढाच गोंद लावतो. उद्या कुणाला हेच इंजिन दुसऱ्या रंगात हवं असेल किंवा मोडलेला हॉर्न बदलायचा असेल, तर त्यालाही ते न मोडता उघडता आलं पाहिजे. दुसऱ्याने घातलेला जोड सोडवताना जो त्रास झाला, तो पुढच्या माणसाला होऊ नये, एवढी काळजी घेणाऱ्यालाच या कामात उस्ताद म्हणावं.